साळवे काकांनी नापास केलेला ट्रक

पाऊण तासाचा एक भाग बघायला साळवे काकांना तीन तास लागतात. ते टीव्हीपासून दीड हातावर उभे राहतात. उजव्या हातात रिमोट, डाव्या हातात भिंग, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. पडद्यावर रणगाडे धडधडत येतात, कुणीतरी जीव खाऊन "फायर!" ओरडतो, आणि नेमकं तिथे काका चित्र थांबवतात. मग त्या ओरडणाऱ्याच्या उघड्या तोंडापाशी भिंग नेऊन शांतपणे म्हणतात, "दाढंत पांढरं सिमेंट भरलंय. हे आत्ताचं हाय. त्या वेळचं न्हाई."

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. रावेतच्या आमच्या सोसायटीत बिल्डरने भिंती बेताच्याच बांधल्या आहेत, त्यामुळे काकांच्या घरचं युद्ध आमच्याही घरी ऐकू येतं. फक्त ते तुकड्यातुकड्यांनी येतं. तोफ एकदा वाजते, मग दहा मिनिटं शांतता, मग तीच तोफ पुन्हा वाजते.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. तयार माल गाडीत भरून वेळेवर गेटबाहेर काढणं हे माझं काम. काका पस्तीस वर्षं भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीला होते, म्हणजे तोच माल गेटच्या आत अडवून धरणं हे त्यांचं काम. ही दोन खाती जगात कुठेही एकमेकांना सुखाने चहा पिऊ देत नाहीत. तेव्हा या लिहिण्यात काकांवर कुठे अन्याय झालाच तर तो माझा नाही, खात्याचा समजावा.

निवृत्त होताना कंपनीने काकांना शाल आणि घड्याळ दिलं. काकांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट मागून घेतली. भंगारात निघालेले, तीन रंगांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे थांबवा आणि दुरुस्त करा, लाल म्हणजे नापास. तेव्हापासून आमच्या मजल्यावरची एकही वस्तू बिनचिठ्ठीची राहिलेली नाही. लिफ्टला दोन महिने पिवळी होती. सोसायटीच्या बागेतल्या घसरगुंडीला लाल लागली, आणि ती खरोखरच बदलावी लागली, हे मात्र मला मान्य करायला हवं.

एकदा आईने होळीला पुरणपोळ्यांचा डबा दिला. काकांनी पट्टी काढली, कडेची जाडी बघितली आणि डब्यावर पिवळी लावून परत पाठवला. आई ताडकन उठली, डबा आत नेऊन ठेवला आणि चार महिने त्या दाराकडे बघितलं नाही. काकांना वाटलं पोळ्या दुरुस्तीला गेल्या आहेत. ते बिचारे दिसेल तेव्हा विचारायचे, "ताई, झालं का काम?"

मला बघायला एक स्थळ आलं होतं, तेव्हा काका मुद्दाम पेपर मागायच्या निमित्ताने आले. मुलाकडे बघितलंच नाही. दारातल्या त्याच्या बुटांकडे बघितलं आणि जाताना माझ्या कानात म्हणाले, "डाव्या टाचंची झीज जादा हाय. थांबवा." स्थळ मला मुळातच पसंत नव्हतं, पण ते मोडल्याचं श्रेय काका आजतागायत घेतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मान्य. पण मोजलं का?" आई म्हणाली, गुडघे फार दुखतात. काका म्हणाले, "मान्य. पण मोजलं का? चढताना किती, उतरताना किती?" साळवे काकूंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मुलीला बाळ झाल्यापासून त्या मारुंजीला तिच्याकडेच असतात आणि महिन्यातून एकदा इकडे डोकावतात. मी एकदा विचारलं, तिकडे करमतं का? काकू म्हणाल्या, "अगं, तिकडं माझी भाकरी कुणी आडवी-उभी मोजत न्हाई."

तर अशा माणसाच्या तावडीत ती मालिका सापडली.

एकाहत्तरच्या लढाईवरची आठ भागांची मालिका आली आणि आमच्या सोसायटीला वेडच लागलं. जो तो आपापल्या तऱ्हेने बघत होता. आई रोज संध्याकाळी एकच भाग बघायची, पुरवून पुरवून, आणि त्यातल्या कॅप्टनला तिने मनातल्या मनात जावई करून टाकलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे की पूल उडवायला नको होता, डावीकडून जायला हवं होतं. जणू यांनाच विचारायचं राहून गेलं होतं. मला स्वतःला मालिका आवडली, फक्त खंदकातली गाणी सोडून. चार दिवस न झोपलेली माणसं एका सुरात कशी गातील? आमच्या कंपनीत डबल शिफ्ट झाल्यावर माणसं एका सुरात जांभईसुद्धा देत नाहीत.

आणि काका सोसायटीच्या ग्रुपवर तपासणी अहवाल टाकायचे. भाग पहिला, एकूण दोष चौदा, त्यात गंभीर तीन. जीपच्या टायरची नक्षी आत्ताची. सुभेदाराच्या चौथ्या बटणाचा दोरा वेगळ्या रंगाचा. जखमी शिपायाची पट्टी आधी डाव्या हाताला, नंतर उजव्या. खाली सही, तारीख आणि शेरा. जुन्या गाड्यांसाठी त्यांनी बाहेरचा तज्ज्ञही नेमला होता. काळेवाडीला शकीलभाईंचं गॅरेज आहे. तिथे म्हातारे झालेले ट्रक अजून दुरुस्त होतात. काका मोबाईलवर ट्रकचा फोटो काढून शकीलभाईंना पाठवायचे आणि शकीलभाई हातातला पाना टाकून उत्तर द्यायचे.

ग्रुपवर लोक हसायचे, अंगठे दाखवायचे. सहाव्या भागाचा अहवाल आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्यात लिहिलं होतं, "मिनिट एकतीस. कॅप्टन मयत झाल्यानंतरही पोट खाली-वर होत आहे. गंभीर दोष."

आई तेव्हा तिसऱ्या भागावर होती.

तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "गेला?" मी म्हटलं, "अगं, मालिका आहे." ती म्हणाली, "मालिका आहे ते मला कळतं. पण मला माझ्या वेळेने रडू द्यायचं होतं की नाही?" आणि पदर खोचून समोरच्या दाराकडे निघाली. मी मागोमाग गेले, कारण भांडण झालंच तर मला ते बघायचं होतं. खोटं कशाला सांगू.

दार उघडंच होतं. सकाळचे दहा वाजले होते. काका टेबलाशी बसून मोठ्या कागदावर रेघा मारत होते. आईने तोंड उघडलं, तेवढ्यात माझी नजर कागदाच्या वरच्या ओळीवर गेली. कंपनीच्या रीतीप्रमाणे तिथे "ग्राहक" असं छापलेलं होतं आणि पुढे काकांनी शाईने लिहिलं होतं, "दादा."

"हे कुणासाठी आहे, काका?" मी विचारलं.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना ओळखत होतो. काळेवाडीला एका खोलीत एकटेच राहतात, दर रविवारी दुपारी काकांकडे मटण खायला येतात, भेटले की कडक आवाजात "जय भीम" घालतात आणि आईला कांद्याचा भाव विचारतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कंपन्यांच्या स्टाफ बस चालवल्या. त्याआधी ते फौजेत होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"दादा दारूगोळ्याचा ट्रक चालवायचा," काका म्हणाले. "ह्याच लढाईत. एकवीस वर्षांचा होता. घरी आला त्यो गप्प. बाकी समदं बोलायचा, हसायचा, पण लढाईचं अक्षर न्हाई. टीव्हीवर लढाई लागली की उठून गच्चीवर जायचा. आमी बी मग चॅनल बदलायचो."

"मग आता?" आईने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"वैनी गेल्यापासनं त्यो अजूनच आत गेला, ताई. रविवारी येतो, जेवतो, कांद्याचा भाव सांगतो, जातो. म्हातारा झालाय. एक दिवस तसाच जाईल आणि मला माझा भाऊ ठावंच न्हाई." काकांनी पेनाला टोपण लावलं. "गेल्या महिन्यात जेवताना ह्या मालिकेची जाहिरात लागली. मी रिमोट शोधत होतो. त्यो म्हणाला, राहू दे. बगू कवातरी. पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. आता ह्यात एक जरी खोटी गोष्ट निघाली ना, तर त्यो उठून जाईल आणि परत बसायचा न्हाई. म्हणून मी आधी तपासतोय. जेवढा माल चोख, तेवढाच दादाला दाखवायचा."

आईने खोचलेला पदर सोडला. मला मात्र लाज वाटली. इतके दिवस मी या अहवालांचे फोटो आमच्या डिस्पॅचच्या पोरांना पाठवून दात काढत होते.

रविवारी आम्हाला दोघींना बोलावणं आलं. काकांनी आठ भागांतून फक्त सव्वा तासाचा माल पास केला होता. कुठल्या भागाच्या कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, याची यादी टीपॉयवर ठेवली होती. चौथा भाग त्यांनी आख्खाच्या आख्खा नापास केला होता. त्या भागभर एक दारूगोळ्याचा ट्रक होता, आणि त्याचा ड्रायव्हर आपल्या बाजूचं दार दोरीने उघडं बांधून गाडी हाकत होता. काकांना ते बघवेना. शकीलभाईंचं मत त्यांनी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: "साळवे साहेब, दार उघडं ठेवून ट्रक चालवला तर पहिल्या वळणाला दार जाईल आणि दुसऱ्या वळणाला ड्रायव्हर."

दादा आले. पांढरा शर्ट, ताठ पाठ, हातात कोथिंबिरीची जुडी. काकांनी त्यांना मधोमध बसवलं आणि यादीबरहुकूम सुरू केलं. मी काकांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. ते टीव्हीकडे बघतच नव्हते, दादांच्या तोंडाकडे बघत होते.

संचलन झालं. दादा बघत होते. नकाशासमोर उभं राहून साहेब लोकांनी बेत आखला. दादांनी जांभई दिली. पदकं, सलाम, बिनचूक बटणं, बिनचूक बंदुका. अर्ध्या तासाने दादांची मान छातीवर आली. मग ते दचकून जागे झाले आणि भावाचं मन मोडू नये म्हणून म्हणाले, "चांगलं हाय, आनंदा. कापडं लई इस्त्रीची हायेत. मटण झालं का बघ."

काका "बघतो" म्हणाले आणि आत गेले. त्यांचा चेहरा माझ्याने बघवला नाही. पस्तीस वर्षांत त्यांचा एकही माल ग्राहकाकडून परत आला नसेल, आणि हा एवढा एक आला.

जाताना काकांनी रिमोट आईच्या हातात दिला होता. बंद करण्यासाठी तिने कुठलं बटण दाबलं तिलाच ठाऊक. मालिका बंद व्हायची ती पुढच्या भागावर गेली. एक लांबलचक, धुळीचा रस्ता. त्यावर एक ट्रक. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं, दोरीने मागे बांधलेलं.

काका हातात पळी घेऊन धावत बाहेर आले. "ताई, बंद करा! नापास हाय ते!"

"थांब," दादा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण काका होते तिथे थांबले. दादा पुढे सरकले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

"ही दोरी कुणी सांगितली ह्यांना?" त्यांनी विचारलं.

"चुकलंय ते, दादा. शकीलभाई बी म्हणाला, दार उघडं ठिवून कोण..."

"आमी ठिवायचो," दादा म्हणाले. "समदे ठिवायचो. इमान आलं की दार उघडत बसायला येळ न्हाई मिळत. मागं दारूगोळा. इमानाचा आवाज आला की नुसती उडी टाकायची, खड्ड्यात. दोरीला गाठ मारायची ती बी ठरल्याली."

 पडद्यावर ट्रक चाललाच होता.

"माझ्या शेजारी जोडीदार असायचा," दादा टीव्हीकडे बघतच म्हणाले. "त्या दिवशी त्याला ताप होता. थंडीनं नुसता कापत होता. तिकडं डिसेंबरात थंडी लई. मी म्हणालो, तुझ्या बाजूचं दार लावून घे, माझं उघडं हाय तेवढं बास. मीच वाकून लावलं. अर्ध्या तासानं इमान आलं. मी उडी टाकली. त्यो हॅन्डल वढत राहिला."

 मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "दार मी लावलं होतं."

आई रडत होती. मी खाली बघत होते. काका पळी घेऊन तसेच उभे होते आणि पळीतला रस्सा फरशीवर ठिबकत होता. मला वाटलं, आता दादा उठतील आणि गच्चीवर जातील. पण ते उठले नाहीत. चौथा भाग त्यांनी शेवटपर्यंत बघितला, एकदाही चित्र न थांबवता, आणि संपल्यावर म्हणाले, "भूक लागली."

जेवणं झाली. दादा नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवले. उरलेल्या रश्शासाठी डबा आणायला मी आमच्या घरी निघाले तर काका माझ्यामागे व्हरांड्यात आले. जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "दादा सुट्टीवर आला तवा मी त्याला इचारणार होतो, रणगाडा कसा असतो, इमान किती खाली येतं. आयनं मला चुलीपाशी बोलावलं. म्हणाली, दादाला लढाईचं कायबी इचारायचं न्हाई. मी हो म्हणालो. आय जाऊन तीस वर्षं झाली. मी आपला पाळतोयच. कवापर्यंत पाळायचं हे तिनं सांगितलंच न्हवतं, पोरी, आणि मी बी कधी इचारलं न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले.  ह्या माणसाने दुनियेच्या प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारले होते. आणि त्यांच्या भावाला वाटत असणार की, आनंदा विचारत नाही म्हणजे त्याला ऐकायचंच नाही. दोघं पन्नास वर्षं एकमेकांना जपत बसले होते.

"मग आता विचारा," मी म्हटलं.

"काय इचारू?"

"काहीही. तुम्हाला का शिकवायला हवं?"

काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आत गेले. मी दारातच थांबले. आईने पुढचा भाग लावला होता आणि दादा पडद्याकडे बघत होते. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, घसा खाकरला, आणि बारा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाले, "दादा, तुझ्या जोडीदाराचं नाव काय होतं?"

दादांनी वर बघितलं.  मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. दर रविवारी येणाऱ्या त्या माणसाला मी तसं हसताना कधीच बघितलं नव्हतं.

"बाबू," ते म्हणाले. "बाबू शिंदे. वाईकडचा. लई बडबड्या होता, एक मिनिट गप बसायचा न्हाई. इकडं ये, सांगतो."

आईने टीव्ही बंद केला.